वाढप्याची वाट

पंगत मांडणारा जाणता माणूस पत्रावळी टाकण्याआधी वाढप्याची वाट बघून ठेवतो. दोन ओळींमधून वरणाची बादली जाईना झाली, की टोकाचा पाहुणा कोरडा भात चिवडत बसतो. टेबलावर इवल्या सैनिकांचं युद्ध मांडतानाही हेच होतं, फक्त बादलीच्या जागी रणगाडा असतो. वॉरहॅमर 40,000 या टेबलावरच्या युद्धखेळाच्या दहाव्या आवृत्तीत (2023) पायदळ आपल्याच माणसांतून वाट काढतं, पण रणगाड्याला दुसऱ्या रणगाड्यातून जाता येत नाही. कोपऱ्यात एकामागे एक तीन उभे केले, की पुढचा हलेपर्यंत मागचे दोघं नुसते बघे.

प्रत्येक तुकडीची किंमत पॉइंटांत धरतात; 2000 पॉइंटांच्या फौजांच्या डावाला 60 बाय 44 इंचांचं मैदान लागतं. आठ बाय चार फुटी प्लाय सहा फुटांवर कापला की ते आरामात बसतं. दोन्ही अंगांना सहा-सहा इंच उरतात, तिथं फासे टाकायचे आणि मेलेले ठेवायचे. पहिली चाल कुणाची, हे मांडणी झाल्यावर फाशानं ठरतं. म्हणून समोरचाच आधी खेळणार असं धरून मांडायचं. नवखा उलटं धरतो. समजा, दोन्ही फौजांच्या पुढच्या रेषांत 24 इंच अंतर आहे. शत्रूचा शिपाई 6 इंच चालतो, त्याची बंदूक 24 इंच मारते, म्हणजे 30. आपल्या रेषेपासून मागच्या 6 इंचांत जे काही उघडं उभं आहे, ते पहिल्याच चालीत त्याच्या टप्प्यात आलं. तोफ पुढं ठेवायचा मोह होतो, कारण ती दिसायला छान असते.

पिछाडी मोकळी सोडणं ही दुसरी खोड. शत्रूची आकाशातून उतरणारी तुकडी आपल्या प्रत्येक माणसापासून 9 इंचांहून जास्त अंतरावरच उतरू शकते. 32 मिलिमीटर बेसचे (पायाखालच्या गोल चकतीचे) पाच शिपाई दोन-दोन इंच सोडून ओळीनं उभे केले, तर ओळ सव्वाचौदा इंचांची होते. दोन्ही टोकांना नऊ-नऊ धरले की सव्वाबत्तीस इंच राखले गेले, म्हणजे 60 च्या कडेतले निम्म्याहून जास्त. हेच पाच जण घोळक्यानं उभे केले तर हिशेब गेला. उतरलेल्यानं लगेच अंगावर धाव घ्यायची म्हटलं, तर दोन फाशांवर मिळून 9 किंवा जास्त पडावे लागतात. 36 पैकी 10 वेळा पडतात. तेवढे पडतातच.

पडक्या घरांच्या भिंती मात्र सगळ्यात फसव्या. भिंत रणगाड्याला अडवते, पायदळाला नाही. ते सरळ आरपार येतं. पडक्या घराच्या पलीकडचा शिपाई दिसत नाही, पण त्याचा बेस घराच्या आखलेल्या जागेत जरासा सरकला की तो दिसू लागतो.

आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी हाच घोळ खऱ्या मैदानावर झाला. शिंदे-भोसल्यांची फौज केळणा नदीच्या भरवशावर दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. समोरच्या इंग्रज सेनापतीला, आर्थर वेलस्लीला, त्याच्या वाटाड्यांनी नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही म्हणून सांगितलं होतं. पण त्याला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. मधे उतार असल्याशिवाय गावं अशी वसत नाहीत, हे त्यानं ताडलं आणि तो मराठी फौजेच्या डाव्या बगलेकडून नदी उतरला. शिंद्यांच्या पायदळाचा जर्मन सरदार पोलमननं पायदळाची अख्खी रांग पूर्वेकडं वळवून केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात बसवली, ते काम मात्र वाखाणण्याजोगं. टेबलावर अशी रांग वळवायला दोन चाली जातात, आणि समोरचा थांबत नाही.

हरल्यावर फाशांना शिव्या घालणं सोपं. त्यापेक्षा पहिला फासा पडायच्या आधी खुर्चीवर चढून वरून फोटो काढा, मोजायची टेप फोटोत येऊ द्या. दुसऱ्या फेरीअखेर आणखी एक. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं: कुठल्या तुकडीनं दोन फेऱ्यांत ना गोळी झाडली, ना जागा धरली? ती चुकीच्या ठिकाणी होती. पुढच्या वेळी तेवढीच हलवा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं काय झालं ते कळत नाही. डाव न खेळता नुसती मांडणी करून बाजू बदलायची, आपल्याच फौजेवर समोरून नेम धरून बघायचा. वीस मिनिटांचं काम.

उन्हाळ्यात एवढं बघा की कूलरचा झोत टेबलावर नको. थर्माकोलची टेकडी दोन इंच सरकते आणि सकाळचा फोटो दुपारी खोटा ठरतो. खालून दुहेरी चिकटपट्टी लावली की टेकडी जागची हलत नाही.