सहा फुल्या

सोमवार, 10 तारीख, रात्र

काल उपासनेत शास्त्रपाठ माझ्याकडे होता. बायबलातलं याकोबाचं पत्र, पहिला अध्याय. माइक नीट चालला, चष्माही घरी राहिला नव्हता. "वचनाप्रमाणे आचरण करणारे असा, केवळ ऐकणारे असू नका" हे बाविसावं वचन मी जरा थांबून, शब्दांवर जोर देत वाचलं. नंतर चहाच्या वेळी दोघीजणी येऊन सांगून गेल्या, किती छान वाचता हो तुम्ही. मी खूश. ती खुशी क्वार्टर गेटच्या सिग्नलपर्यंत टिकली.

उपदेश आरशाच्या दृष्टान्तावर होता. ऐकून विसरणारा माणूस आरशात तोंड पाहतो, निघून जातो आणि आपण कसे होतो तेच विसरतो. पाळकसाहेब म्हणाले, त्या काळी आरसे म्हणजे घासून चकचकीत केलेला धातू. चेहरा अंधूक दिसायचा. पंचविसाव्या वचनात न्याहाळून बघण्यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थच मुळी वाकून पाहणं. मी लगेच वहीत उतरवून घेतलं. उपदेशाच्या अशा सात वह्या भरल्यात माझ्या.

आज दहा तारीख, म्हणजे मावशींचा पगार. माझं पेन्शन एक तारखेला जमा होतं, मावशींचा पगार दहाला. आधीच्या बाई एकला पैसे घेऊन गेल्या त्या दोनपासून उगवल्याच नाहीत. तेव्हा सोसायटीतल्या सगळ्याजणींनी शहाणपण शिकवलं, दहा दिवस हातात ठेवायचे, मग जात नाहीत. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, असं बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. तिथे मी लाल पेनने रेघही मारलेली आहे.

तेच लाल पेन स्वयंपाकघरात कालनिर्णयला दोरीने बांधलेलं असतं. दूध, गॅस आणि मावशींचे खाडे. रविवारी चर्चला निघताना सोडवायचं, आल्यावर पुन्हा बांधायचं. पगार तीन हजार, दोन खाडे माफ, त्यावर दिवसाला शंभर कापायचे. जुलैचं पान उलटलं तर सहा फुल्या. म्हणजे चारशे वजा. सव्वीसशे पाकिटात घातले.

पाकीट बंद करताना कोण जाणे का, शेवटच्या दोन फुल्यांवर नजर अडकली. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं होतं ते दिवस. मावशी नदीकाठच्या वस्तीत राहतात. घरात गुडघाभर पाणी होतं, हे त्यांनीच तिसऱ्या दिवशी फरशी पुसता पुसता सांगितलं होतं आणि मी "अरे देवा" म्हटलं होतं. मोबाइल उघडून आमचा प्रार्थनेचा ग्रुप मागे मागे नेला. पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझाच मेसेज: "नदीकाठच्या कुटुंबांना प्रभू सांभाळो." खाली जोडलेले हात आणि नऊ जणींचं आमेन. मावशींची वेळ साडेआठची. म्हणजे आमेन येत होते तेवढ्यातच कधीतरी मी फुली मारली असणार. याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उघड्या-उपाशी माणसाला "सुखाने जा, ऊब घ्या" म्हणून वाटेला लावणारे लोक आहेत. त्यांच्याबद्दल वाचताना मला नेहमी दुसरेच चेहरे दिसायचे.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1522 मध्ये याकोबाच्या या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं होतं. त्याची कारणं वेगळी होती, पण आज मला तो फार जवळचा वाटला.

आणि रमाबाई! महिला मंडळात पंडिता रमाबाईंवर मी दोनदा बोलले आहे. 1890 मध्ये शारदासदन मुंबईहून पुण्यात आलं, 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मुली आणि विधवा स्वतः जाऊन आणल्या, केडगावचा आश्रम, हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत केलेलं बायबल. सगळं तोंडपाठ. टाळ्याही पडल्या होत्या.

पाकीट फोडलं आणि चारशे परत घातले.

मावशी नोटा मोजूनच घेतात, ते मला आवडतं. म्हणाल्या, "ताई, पूर्ण आलेत. खाडे नाही धरले?"

"राहू द्या. पाणी शिरलं होतं ना."

मला वाटलं होतं, चेहरा खुलेल वगैरे. मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, "मग मार्चचे पण द्या. तेव्हा नात जिन्यावरून पडली होती. टाके पडले होते तिला."

मला हे ठाऊकच नव्हतं. विचारलंच नसेल मी. "किती कापले होते?"

"तीनशे."

तरी मी उठून मार्चचं पान काढलं. खालच्या रांगेत, गॅसच्या नोंदीशेजारी होत्या, वाकून बघाव्या लागल्या. पाच फुल्या. दोन माफ, तीन कापल्या. तीनशे काढून दिले.

बाहेरच्या खोलीतून पेपरामागून ह्यांचा आवाज आला, "जक्कयाने चौपट दिले होते!"

"कोण हो?" मावशींनी विचारलं.

"आमच्या बायबलातला एक जकातदार. लोकांचे पैसे खाल्लेला."

"मग दिले का त्याने?"

"देतो म्हणाला."

"म्हणाला," असं म्हणून मावशींनी नळ सोडला आणि कुकर घासायला घेतला.

पुढच्या महिन्यापासून पगार एक तारखेला, हेही आजच सांगायचं ठरवलं होतं. मावशींनी सगळी भांडी पालथी घातली, ओटा पुसला, चप्पल घातली, "येते ताई" म्हणाल्या. मी दारातच उभी होते. जीभच वळली नाही.