पेंटियम ४ अपडेट: ४ टीबी डिस्क वाचली, पण एक्सपीतून नाही

पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला जुना दिवाळी अंक ४ टीबीच्या यूएसबी डिस्कवर आहे, आणि तो विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या जुन्या पेंटियम ४ मशीनवर उघडायचा होता. काल रात्री पावणेबाराला त्याच्या पडद्यावर 'दिवाळी-२००३' हा फोल्डर दिसला. तीन रविवार यातच गेले होते, त्यामुळे आधी बायकोला उठवून दाखवला.

डिस्कला वीज कमी पडते हा मागच्या वेळचा संशय बरोबर निघाला. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतं आणि डिस्क टकटक करून बंद पडायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या, दोन पोर्टांतून वीज घेणाऱ्या दोन तोंडांच्या केबलने टकटक थांबली. जाड तारेचीच घ्या, पातळ केबल याआधी दोन वाया गेल्या.

खरा छळ त्यानंतरचा. एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' एवढंच दिसायचं (जीपीटी म्हणजे डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत), आणि राइट क्लिक केलं तर सगळे पर्याय फिके. डिस्कची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडायची पद्धत, एक्सफॅट आहे म्हणून २००९ चा एक्सफॅटचा अपडेट शोधून टाकला. रिस्टार्ट, पुन्हा तेच. ड्रायव्हर बदलले, पोर्ट बदललं. मग लक्षात आलं की गाडी फाइल सिस्टिमपर्यंत पोचतच नाहीये. जीपीटी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या सिस्टिमसाठी एमबीआरची (जीपीटीच्या आधीची पद्धत) एक नोंद ठेवलेली असते, प्रकार ईई. जागा व्यापलेली आहे, हात लावू नका, एवढाच तिचा अर्थ. ३२ बिट एक्सपी तेवढंच वाचतं आणि थांबतं. एमबीआरमध्ये बदलून घ्या असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एक्सपीतून तसं करायचं तर डिस्क आधी पुसावी लागते, आणि ५१२ बाइटच्या सेक्टरने २ टीबीच्या फारसं पुढे मोजताही येत नाही.

शेवटी ३२ बिट लिनक्सच्या लाइव्ह डीव्हीडीवरून (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या) मशीन सुरू केलं (हा बोर्ड पेन ड्राइव्हवरून बूट होत नाही). डिस्क लगेच उघडली. तो एक अंक आतल्या ८० जीबीच्या आयडीई डिस्कवर उतरवला, एक्सपीत परतलो, पॅरलल पोर्टला डोंगल (सॉफ्टवेअरची परवाना-चावी) लावलं आणि पेजमेकरमध्ये मुखपृष्ठ उघडलं. अक्षरं जशीच्या तशी! जोडाक्षरंसुद्धा शाबूत.

पण आतल्या पानांची चित्रं गायब. टिफ फाइली भलत्याच फोल्डरांत विखुरलेल्या आहेत आणि कुठली कुठे आहे ते पान उघडल्यावरच कळतं. म्हणजे पेन ड्राइव्हने थोडंथोडं आणून भागणार नाही, अख्खी डिस्क समोर हवी. दर वेळी लाइव्ह डीव्हीडी लावून कॉपी करायचं असं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. कपाटात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक पडून आहे. डिस्क त्याला जोडायची आणि सांबा या फाइल शेअर करायच्या सॉफ्टवेअरने नेटवर्कवर द्यायची. मग जीपीटी, एक्सफॅट सगळं पायने बघायचं. एक्सपीला दिसेल फक्त झेड ड्राइव्ह, आणि पेजमेकरला चित्रांचे पत्ते एकदाच दाखवावे लागतील.

नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याच्या एसएमबी प्रोटोकॉलची पहिली, जुनी आवृत्ती (एसएमबी १) च एक्सपीला कळते, त्यामुळे सांबात किमान प्रोटोकॉल एनटी१ (म्हणजे तीच आवृत्ती) ठेवावा लागेल. इतकं जुनं दार घरच्या राउटरवर उघडायचं नाही, दोन्ही मशीन थेट लॅन केबलने जोडणार आणि शेअर फक्त वाचण्यापुरता ठेवणार. शनिवारी बसतो.