नापास सेल पुन्हा मोजले, गुन्हेगार होल्डर निघाला

मंडळी, लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांतून काढलेल्या २४ पैकी १९ सेल भंगारात द्यायचं मागच्या वेळी ठरवलं होतं. दिले नाहीत ते बरं झालं.

त्यांचा अंतर्गत रोध (सेलच्या आतला करंटला होणारा अडथळा, जास्त म्हणजे सेल थकलेला) १८० ते २२० मिलिओहम येत होता, म्हणून ते नापास केले होते. शंका आली ती नव्या कोऱ्या सेलमुळे. तोही १७५ दाखवायला लागला! मग एकच जुना सेल होल्डरमधून (सेल बसवायच्या स्प्रिंगवाल्या खोक्यातून) काढून-घालून तीनदा मोजला: १९१, २४३, १६८. सेलचा रोध मिनिटाभरात अशा उड्या मारत नाही.

रविवारी ४.७ ओहमचा लोड (सेलमधून करंट खेचणारा रोध) लावला, मीटर ३.९४ व्होल्टवर. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं होल्डरची स्प्रिंग दाबली. ३.९८. सोडली, परत ३.९४. दहा वेळा केलं, इतका आनंद झाला.

मी मीटर लावत होतो होल्डरच्या वायरींच्या टोकांना. त्यामुळे स्प्रिंग, रिव्हेट, बारीक वायर, सगळ्यांचा ड्रॉप (वाटेत घटणारं व्होल्टेज) सेलच्या नावावर जमा. आता प्रोब थेट सेलला टेकवले, एक प्लसच्या टोपीवर, दुसरा मागच्या पत्र्यावर. लोडशिवाय ४.१०, लोडवर ४.०५. करंट ३.९४ भागिले ४.७, म्हणजे ०.८४ अँपिअर. ०.०५ भागिले ०.८४, म्हणजे सेलचा रोध ६० मिलिओहम. होल्डरच्या टोकांना (४.१० वरून ३.९४) १९० येत होता, म्हणजे उरलेले १३० होल्डरचे! लोखंडी स्प्रिंगचे स्वस्त होल्डर मोजमापाला घेऊच नका.

माझा मीटर २० व्होल्टच्या रेंजवर दोनच दशांश दाखवतो. शेवटचा आकडा एकानं हलला की १२ मिलिओहमचा फरक. म्हणून मित्राचा ६००० काउंटचा (म्हणजे इथे तीन दशांश दाखवणारा) मीटर आणलाय, आणि रीडिंग लोड लावल्यावर बरोबर पाचव्या सेकंदाला घेतो. आतापर्यंत ११ मोजले: नऊ ५५ ते ७५च्या दरम्यान, दोन खरंच गेलेले.

राउटरसाठीचा ३एस४पी पॅक (चार-चार सेल पॅरलेलमध्ये, असे तीन गट सिरीजमध्ये) होल्डरमध्येच करणार होतो. १ अँपिअर चौघांत वाटला तर प्रत्येकाला पाव अँपिअर, ड्रॉप जेमतेम ०.०३ व्होल्ट. चालेल, असं वाटलं. पण लिहिता लिहिता लक्षात आलं: पॅरलेलमध्ये ज्याची स्प्रिंग सैल, त्याच्या वाट्याला करंट कमी, आणि मी रोध मोजून जुळवलेल्या सेलचा काही उपयोगच नाही. तेव्हा होल्डर रद्द, निकेल पट्टी आणि स्पॉट वेल्डिंग.

वेल्डर पुढच्या रविवारी मिळतोय. त्या दोन गेलेल्या सेलना आधी पूर्ण डिस्चार्ज करून त्यांच्यावर वेल्डिंगचा हात बसवतो.