रोज दोन-तीन शहाळी

पहिल्या डायलिसिसला रुग्ण चालत आला, की मला बरं वाटतं. उत्तर गोव्यातल्या आमच्या युनिटमध्ये त्या दिवशी पेडण्याकडचे एक काका आले ते स्ट्रेचरवरून. पन्नाशी उलटलेली. दम इतका की आडवं होता येईना, नडगीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. किडनी किती काम करते ते सांगणारं क्रिएटिनिन चढून १४, हिमोग्लोबिन उतरून ६.२, पोटॅशियम ७.१. ईसीजी बघताच डॉक्टरांनी आधी शिरेतून कॅल्शियम द्यायला लावलं. एवढ्या पोटॅशियमवर हृदय कधीही थांबू शकतं.

मुलाला विचारलं, घरी काय काय देत होता?

"सिस्टर, लघवी कमी झालेली. उष्णता असेल म्हणून रोज दोन-तीन शहाळी देत होतो."

माडांच्या या मुलखात आजाऱ्याला शहाळं देणं ही मायाच. पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. धडधाकट किडनी ते बाहेर टाकते, निकामी झालेलीला ते जमत नाही. हे ऐकून पोरगा भिंतीला टेकून खालीच बसला. त्याचा काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

रक्त मशीनकडे न्यायला हातावर फिस्टुला नव्हता, त्यामुळे मानेच्या शिरेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालावी लागली, आणि त्यातून जंतुसंसर्गाची भीती कायम. धमनी नि शीर जोडून केलेला फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने तरी जातात. तो आधीच करून ठेवायचा असतो.

पहिलं डायलिसिस दोनच तास ठेवलं, रक्ताचा वेगही कमी. घरच्यांना वाटतं, जास्त वेळ लावलं तर लवकर बरं वाटेल. पण साठलेला युरिया एकदम उतरला तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. मी सारखी बीपी घेत, त्यांना बोलतं ठेवत होते. तासाभराने तेच म्हणाले, "एक उशी काढ गो बाय आता."

शेजारच्या खाटेवर डिचोलीच्या एक मावशी होत्या. त्यांचंही पहिलंच डायलिसिस. मधुमेह जुना, पण ओपीडी कधी चुकवली नाही. हेपटायटिस बीची लस घेतलेली, फिस्टुला तीन महिन्यांपूर्वीच तयार. मनगटाजवळ बोट ठेवलं की थरथर लागायची. सकाळी घरून खाऊन बसने आल्या होत्या. दोघांचाही किडनीचा आजार पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यातलाच.

काकांच्या प्लास्टिकच्या पिशवीत जुने कागद नीट घड्या घालून ठेवले होते. बीपी आठ वर्षांपूर्वीच सापडलेला. बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद केलेल्या. चार वर्षांपूर्वीच्या लघवीच्या रिपोर्टवर प्रोटीन तीन प्लस, म्हणजे लघवीतून बरंच प्रोटीन जात होतं. किडनी तेव्हाच सांगत होती. तो रिपोर्ट पाहून पुढे काहीच झालं नाही, याचा मला आजही राग येतो.

काकांना वॉर्डात हलवल्यावर मी मुलाला बसवून त्याचाही बीपी घेतला. वय ३१, बीपी १६०/१००. "मला काहीच त्रास नाही," तो म्हणाला. मी त्याला तसाच डॉक्टरांपुढे नेला. क्रिएटिनिनचं रक्त आणि लघवीचा नमुना देऊनच तो घरी गेला.