तुम्ही विचारलंत म्हणून: साइटवर मराठी फुटतं, मग इंग्रजीच ठेवू का?

दिंडोरीचा द्राक्षबागायतदार असो, येवल्याचा पैठणीवाला असो की पंचवटीतलं एखादं लॉज, साइट करायला घेतली की हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठाम आहे: इंग्रजीवर जाऊ नका. ब्राउझरला मराठी नीट मांडता येतं आणि त्यासाठी लागणारी सगळी साधनं खुली, विनामूल्य आहेत. मजकूर टाइप होण्यापासून पडद्यावर येईपर्यंत मधली एखादी पायरी मराठीचा विचार न करता लिहिलेली असते, आणि घोळ तिथे होतो. ती पायरी शोधायची.

शोधायला एक शब्द पुरतो: 'किनाऱ्यावर'. लॉजच्या साइटवर 'गोदेच्या किनाऱ्यावर प्रशस्त खोल्या' लिहिलं आणि दिसलं 'किनार्यावर'. आडव्या र ऐवजी य वर रफार चढला. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत, हा आडवा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचं, न दिसणारं जोडचिन्ह (यू+२००डी). दुसरी, नुक्त्याचा ऱ (यू+०९३१) आणि हलन्त. कोणती तऱ्हा उमटते ते कीबोर्डवर अवलंबून. पहिल्या तऱ्हेतलं न दिसणारं चिन्ह मजकूर 'साफ' करणारा एखादा कोड कचरा समजून उडवतो, आणि झाला रफार.

दोन्ही तऱ्हा डोळ्यांना एकच दिसत असल्या तरी साध्या शोधाला ते दोन वेगळे शब्द आहेत. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी संकेतरूपं एक करण्याची युनिकोडची ठरलेली रीत, वापरूनही ते एक होत नाहीत. म्हणून मजकूर साठवतानाच पहिल्या तऱ्हेचं दुसरीत रूपांतर करा. तसंच 'ॲडव्हान्स बुकिंग'मधल्या ॲ चं: तो यू+०९७२ हा एकच संकेत असू शकतो किंवा अ आणि त्यावर वेगळा ॅ. हेही एकाच रूपात आणा. शोधपट्टीत येणाऱ्या शब्दालाही हाच नियम लावा, नाहीतर निम्मंच काम झालं. मात्र शून्य रुंदीची चिन्हं सरसकट पुसू नका.

आता फॉन्ट. नोटो सॅन्स देवनागरी, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे 'मुक्त' आणि 'बलू', किंवा खास मराठी वळणाचा टिरो देवनागरी मराठी, यांतला कोणताही घ्या. सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, त्यामुळे फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला परवानगी आहे. पण फॉन्टची मूळ टीटीएफ फाइल तशीच चढवू नका. पायथॉनमधल्या फॉन्टटूल्स या साधनाने हवी तेवढीच अक्षरं ठेवून डब्ल्यूओएफएफ२ हा वेबसाठीचा आटोपशीर प्रकार करा: यू+०९०० ते ०९७एफ, न दिसणारी २००सी आणि २००डी, रुपयाचं २०बी९, शिवाय साधी विरामचिन्हं आणि इंग्रजी आकडे. इथे २००डी विसरलात तर पहिल्या तऱ्हेने टाइप केलेला आडवा र पुन्हा दगा देऊ शकतो. क्ष, त्र, ज्ञ यांना स्वतःचे संकेत नसतात, ती फॉन्टमधल्या जीसब या तक्त्यातल्या नियमांनी घडतात. फॉन्ट लहान करताना तो तक्ता गेला की पानभर पाय मोडलेली अक्षरं दिसतात. वजनं दोनच ठेवा, साधं आणि ठळक. सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) फॉन्ट-डिस्प्ले 'स्वॅप' ठेवा, म्हणजे सिंहस्थाच्या गर्दीत रामकुंडापाशी नेटवर्क रेंगाळलं तरी फॉन्ट येईपर्यंत मजकूर फोनमधल्या फॉन्टात वाचता येईल.

पानाच्या कोडमधल्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमधली भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, करा. तयार थीममध्ये तिथे बहुधा इंग्रजीचं 'ईएन' राहून गेलेलं असतं. नोटोसारखा फॉन्ट ही खूण पाहूनच ल आणि श मराठी धाटणीचे काढतो. 'शेला' लिहून आधी आणि नंतर पाहा, फरक लगेच कळेल.

बातमीचा किंवा मालाचा मजकूर ठराविक लांबीवर कापणारा कोड हा आणखी एक शत्रू. 'द्राक्ष' आपल्याला दोन अक्षरं वाटतात, ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही कोडची भाषा मोजते सात: द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष. सहाव्यावर कापलं की उरतं 'द्राक्'. मजकूर अक्षरांमध्ये नीट तोडणारं इंटल सेगमेंटर हे ब्राउझरमधलं साधन मदत करतं, पण जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. जुन्या ब्राउझरवर तेही मध्येच तोडतं. कार्डावरचा मजकूर छोटा करायचा तर मर्यादेच्या आतल्या शेवटच्या रिकाम्या जागेवर कापा, अख्खा शब्द सोडून द्या.

ओळीची उंची १.६ ते १.७५ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांटीत घुसतात. मथळ्याला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देऊच नका, शिरोरेषा तुटते. मजकूर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठवत असाल तर टेबलची अक्षरपद्धत यूटीएफ८एमबी४ हवी. मजकुराऐवजी नुसती प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ अक्षरं गेलीच, बॅकअप शोधा. टोप्या-टिंबांची विचित्र लॅटिन अक्षरं दिसत असतील तर ती बहुतेक वेळा परत मिळवता येतात, म्हणून घाईने त्यावर नवीन काही सेव्ह करू नका.

प्रेसमधून आलेलं माहितीपत्रक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात असेल तर आधी रूपांतर करून मग डोळ्यांनी तपासा. पहिली वेलांटी आणि रफार इथे सर्वांत जास्त घसरतात.

आणि ऑर्डरचा फॉर्म. गिऱ्हाईक मराठी कीबोर्डवरून पेट्यांच्या रकान्यात '१२' लिहितं, जावास्क्रिप्टच्या लेखी ती संख्याच नसते आणि तोंडावर येतं 'चुकीची माहिती'. रकाना साध्या मजकुराचा ठेवा, इनपुटमोड 'न्यूमेरिक' द्या, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडेल, आणि तपासणीच्या आधी ० ते ९ हे दहा देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घ्या. काम पाच ओळींचं आहे. फोन नंबर आणि पिनकोडच्या रकान्यांनाही तेच लावा.