राजहंसगडाची पहिली चढाई आणि साडेअकरा किलोंची सॅक

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सहा जण बेळगावजवळच्या येळ्ळूरहून राजहंसगडावर चढून गेलो. माझ्याखेरीज बाकीचे पाचही जण महाविद्यालयात शिकणारे होते आणि डोंगर चढण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. खरे तर सात जण निघणार होतो. पण एका आयोजकाने नवशिक्यांसाठी काढलेली ३६ वस्तूंची यादी मुलांमध्ये फिरली आणि ती पाहून एका मुलीने आदल्या रात्री येण्याचे रद्द केले. "काका, माझ्याकडे यातलं काहीच नाही," एवढेच ती फोनवर म्हणाली. ज्या गडावर येळ्ळूरची माणसे पायांतल्या चपलांनिशी जाऊन येतात, तिथे एक मुलगी केवळ यादीपायी येऊ शकली नाही, याचे मला फार वाईट वाटले.

बेळगावहून वडगावमार्गे सकाळच्या बसने आम्ही येळ्ळूरला उतरलो. भाताची कापणी कधीच आटोपली होती आणि त्याच शेतांत मसूर हिरवागार उभा होता. एका मुलाची सॅक पाहून शंका आल्यामुळे गावातल्या किराणा दुकानदाराला विनंती करून ती वजनकाट्यावर ठेवली, तर ११ किलो ४०० ग्रॅम भरली. दुकानाच्या पायरीवरच ती उघडली. शून्याखालच्या थंडीसाठीची स्लीपिंग बॅग, गॅसची शेगडी, बर्फावर बुटांना बांधायचे काटे, दोन काठ्या, दोरीचे एक भेंडोळे आणि तीन रंगीत कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्या, असा ऐवज त्यातून निघाला. पाणी मात्र अर्ध्या लिटरची एकच बाटली होती.

त्यातला एक कॅराबिनर मी हातात घेऊन नीट पाहिला. गिर्यारोहणासाठी बनवलेल्या कॅराबिनरवर तो किती ताण सोसतो हे किलोन्यूटन या ताण मोजायच्या एककात कोरलेले असते आणि लांबीच्या दिशेने ही क्षमता साधारण २० किलोन्यूटन किंवा त्याहून अधिक असते. याच्यावर तसा आकडा नव्हता; उलट चढाईसाठी वापरू नये अशी बारीक अक्षरांतली इंग्रजी सूचना होती. म्हणजे ती किल्ल्या अडकवायची कडी होती. अशी वस्तू जवळ असल्यामुळे नवख्या माणसाला आपण सुरक्षित आहोत असे वाटू लागते, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. दोर बांधायला आणि सांभाळायला कोणी शिकवलेले नसेल, तर चांगल्यातला चांगला दोरही नुसते ओझेच ठरतो. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतही प्राथमिक प्रशिक्षणाला येणाऱ्यांना दोर, हार्नेस म्हणजे दोराला जोडायचा कमरपट्टा, बर्फाची कुऱ्हाड ही साधने संस्थाच देते. मग पहिल्याच रविवारी हे सारे विकत घ्यायला लावण्याचे कारण काय?

नको असलेले सामान दुकानदाराने सांभाळायचे कबूल केले. पाणी आणि भाकऱ्या भरल्यावरही सॅक चार किलोंच्या आतच राहिली. गडापर्यंत गाडीरस्ता झालेला आहे, पण पायवाटेने चढण्यात अधिक आनंद आहे. तटबंदी, बुरूज आणि सिद्धेश्वराचे मंदिर पाहून आम्ही सावलीत बसून जेवलो आणि ऊन तापण्याआधी उतरायला लागलो.

मागाहून जाणाऱ्यांनी माणशी दोन लिटर पाणी घ्यावे, उन्हाळ्यात तीन. बूट नवे नसावेत, कारण टाचेला फोड येतात ते न रुळलेल्या बुटांमुळेच. तळव्याची नक्षी झिजलेली नसेल तर रोजचे खेळाचे बूट पुरतात. कुसळांसाठी पूर्ण लांबीची विजार, टोपी, मोज्यांचा एक जादा जोड, लिंबू-मीठ-साखर, जखमेवरच्या पट्ट्या आणि उशीर झालाच तर लागणारी विजेरी, एवढे सामान मला आवश्यक वाटते. पावसाळ्यात त्यात रेनकोटची भर घालावी आणि शेवाळलेल्या दगडांवर पाय जपून टाकावा. खानापूर तालुक्यातल्या भीमगडाचा विचार मात्र इतक्या सहजपणे करू नये. तो अभयारण्यात आहे आणि तिथे वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

त्या मुलीला मी परवा तिच्या घरी जाऊन भेटलो आणि तिचे शाळेपासूनचे खेळाचे बूट उलटे करून पाहिले. नक्षी शाबूत आहे. येत्या रविवारी आम्ही पुन्हा सकाळच्या बसने निघणार आहोत.