टीएमसी, टन आणि एमएएच: युनिटच्या नावावर जाऊ नका

पावसाळा आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळेच जलतज्ज्ञ होतात. खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेक सोडलं असा मेसेज पडला की खाली लगेच कुणीतरी विचारणार, म्हणजे किती टीएमसी झालं हो? अहो पण किती वेळ सोडलं ते सांगा की आधी! टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, नुसता साठा, लांबीचा घन, बास. आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे लांबीचा घन भागिले वेळ. वेळ कळल्याशिवाय एकातून दुसरं काढताच येत नाही, कितीही मोठा कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

वेळ दिली की मात्र मजा येते. ३५ हजार गुणिले ३६०० सेकंद केले की तासाला १२.६ कोटी घनफूट, म्हणजे ०.१२६ टीएमसी, आणि दिवसभर तसंच चालू राहिलं तर साधारण ३ टीएमसी. आता खडकवासल्याची क्षमताच आहे १.९७ टीएमसी. म्हणजे वरून थेंबही आला नाही असं धरलं तर काठोकाठ भरलेलं धरण सोळा तासांच्या आत रिकामं! म्हणून तर वरच्या पानशेत, वरसगाव, टेमघर धरणांचं पाणी आणि मधल्या डोंगरातला पाऊस जसा येईल तसा तिथला विसर्ग सारखा वर-खाली करावा लागतो, पाणी धरून ठेवायला जागाच नाही. तेच कोयनेचे १०५ टीएमसी याच वेगाने सोडायचे म्हटले तर जवळपास ३५ दिवस लागतील. हे सगळं एका गुणाकार-भागाकारात कळतं, फक्त कशाला कशाने भागायचं ते कळलं पाहिजे, आणि ते सांगतं डायमेन्शन, म्हणजे ते युनिट वस्तुमान, लांबी, वेळ यांच्यापासून कसं बनलंय ते.

माझं म्हणणं एवढंच आहे की युनिटच्या नावावर जाऊ नका, ते आत उघडून बघा, वस्तुमान किती वेळा आलंय, लांबी किती वेळा, वेळ वर आहे का खाली. नावं सर्रास फसवतात. दीड टनाचा एसी घ्या. हा टन वजनाचा नाहीच (नाहीतर भिंतीचं काही खरं नव्हतं), ही पॉवर आहे. एक अमेरिकन टन म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते त्या दराने खोलीतली उष्णता बाहेर काढायची, हा एक टन. आता करून बघा, किलोला ३३४ किलोज्यूल, गुणिले ९०७, भागिले ८६,४०० सेकंद, येतात साधारण ३.५ किलोवॅट. म्हणजे दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅटने खोली थंड करतो. मीटरवर एवढी वीज पडत नाही हा भाग वेगळा, कारण एसी उष्णता तयार करत नाही, आतली उचलून बाहेर नेऊन टाकतो, त्याला वीज बरीच कमी लागते.

पॉवर बँकचंही तेच. दहा हजार एमएएच, दहा हजार एमएएच म्हणून आपण घेतो, पण मिलिअँपिअर गुणिले तास म्हणजे करंट गुणिले वेळ, म्हणजे चार्ज (विद्युतभार). एनर्जी नव्हे! एनर्जी हवी तर व्होल्टने गुणा. आतला सेल ३.७ व्होल्टचा असतो, म्हणून ३७ वॅट-अवर, आणि तीच एनर्जी ५ व्होल्टने बाहेर काढली की लॉस सोडूनही ७४०० एमएएचच उरतात. त्यात दुकानदाराची काही चोरी नाही. विमानातली मर्यादा मात्र १०० वॅट-अवर अशी असते, कारण पेट घेतला तर किती भडकेल हे एनर्जीवर ठरतं.

बाइकचं मायलेज उलटं करून बघा, हे मला भयंकर आवडतं. ५० चं ॲव्हरेज म्हणजे ५० किलोमीटरला एक लिटर, लिटर म्हणजे लांबीचा घन, त्याला लांबीने भागलं की उरतं क्षेत्रफळ! आकडे घातले तर ०.०२ चौरस मिलिमीटर. आणि याला खरंच अर्थ आहे, गाडी जेवढं पेट्रोल पिते तेवढं रस्त्याच्या कडेने सलग पसरलं तर बारीक दोऱ्याएवढी धार होईल, त्या धारेचा हा छेद.

माझी भाची अकरावीत आहे, तिला हे सगळं मार्कांपुरतं वाटतं. परवा विचारत होती, मामा, ओहम (रेझिस्टन्सचं युनिट) आणि फॅरड (कपॅसिटरचं युनिट) यांचा गुणाकार सेकंद कसा येतो? पुस्तकी पद्धतीने दोन्हीचे वस्तुमान, लांबी, वेळ, करंट असे घातांक लिहून काढायचे, पान भरतं. मी म्हटलं त्यापेक्षा हे बघ, ओहम म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर, फॅरड म्हणजे कूलंब (चार्जचं युनिट) भागिले व्होल्ट, गुणाकारात व्होल्ट उडाला, राहिलं कूलंब भागिले अँपिअर, आणि कूलंब म्हणजेच अँपिअर गुणिले सेकंद, अँपिअरही उडाला. राहिला सेकंद. मग १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, गुणाकार बरोबर १ सेकंद, आणि मीटर लावून दाखवलं की साधारण एका सेकंदात कपॅसिटर ६३ टक्के भरतो. ते ६३ मात्र डायमेन्शनमधून निघत नाही, पेंड्युलमच्या सूत्रातला २π जसा निघत नाही तसाच, त्यासाठी गणितच करावं लागतं.

मग तिनेच पुढचा खडा टाकला, टॉर्क (फिरवणारा जोर) न्यूटन-मीटर आणि एनर्जीचं युनिट ज्यूलही न्यूटन-मीटर, मग बाइकच्या जाहिरातीत १४ ज्यूल टॉर्क का नाही लिहीत? डायमेन्शन दोघांचं सेम, वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले वेळेचा वर्ग, पण टॉर्कला फिरलेल्या कोनाने गुणलं की एनर्जी मिळते आणि कोनाचं युनिट जे रेडियन, त्याला डायमेन्शनच नसतं, लांबी भागिले लांबी, त्यामुळे तो हिशोबात कुठेच दिसत नाही. "म्हणजे ही पद्धत इथे आंधळी आहे," असं ती म्हणाली आणि यावर मी काही वाद घातला नाही.